कोळशाच्या खाणींतील कामिन

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या पूर्वार्धांत आगगाड्यांच्या इंजिनांत, तागाच्या व कापडाच्या गिरण्यांच्या बॉयलरखालीं आणि बंदरांतील आगबोटींच्या भट्ट्यांत जो देशी कोळसा जळत असे, त्याचा फार मोठा भाग बंगाल-बिहारच्या सीमेवरील दामोदर नदीच्या खोऱ्यांतून येई. राणीगंज आणि झरिया हीं त्या खोऱ्यांतील दोन मोठीं कोळसाक्षेत्रें. खाणकामगार हा शब्द उच्चारतांच हातांत कुदळ घेतलेला, घामानें व काजळीनें माखलेला पुरुष डोळ्यांपुढें उभा राहतो. या खोऱ्यापुरतें तें चित्र निम्मेंच खरें आहे. तेथें शंभराहून अधिक वर्षें पुरुष कोळसा तोडी आणि स्त्री तो वाही. तोडणारास मलकट्टा म्हणत, वाहणारीस कामिन. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत तेथील मजुरांपैकीं तिसरा हिस्सा किंवा त्याहूनहि अधिक स्त्रिया होत्या.

खाणीच्या पोटांत उतरण्याचें दार या कामिनच्या बाबतींत एकदां मिटलें, मग उघडलें, पुन्हां मिटलें आणि पुन्हां किंचित् उघडलें. प्रत्येक वेळीं कारण सांगितलें गेलें, आणि त्या कारणांत बहुधा तथ्यहि होतें. परंतु ज्या स्त्रीसाठीं तें दार होतें तिचें मत मात्र फारसें कोणी विचारलें नाहीं. त्या दाराचा इतिहास हाच तिच्या कष्टांचा इतिहास होय.

ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेंतील सम्नर आणि हीटली या दोघां इंग्रजांनीं १७७४ सालीं राणीगंजच्या परिसरांत प्रथम कोळसा काढण्याचा उद्योग केला. तो लवकरच थंडावला. १८३६ सालीं राणीगंजची खाण कार-टागोर कंपनीकडे आली. कवि रवींद्रनाथांचे आजोबा द्वारकानाथ हे तिचे भागीदार होते. १८४३ सालीं बेंगाल कोल कंपनीची स्थापना झाली आणि १८५५ सालीं कलकत्त्याकडून निघालेला लोहमार्ग राणीगंजला पोहोंचला. कोळशाला गिऱ्हाईक मिळालें आणि तो वाहून नेण्याची सोयहि झाली. १८९० नंतरच्या दशकांत लोहमार्ग झरियांत शिरला, आणि थोड्याच वर्षांत झरियानें राणीगंजला मागें टाकलें.

आरंभींच्या खाणी म्हणजे तळ्यासारखे उघडे खड्डे किंवा विहिरीसारख्या उभ्या वाटा. या विहिरींतून कोळसा वर ओढण्यासाठीं तोंडाशीं मोठा लाकडी रहाट बसवीत, आणि पुष्कळ स्त्रिया मिळून तो रहाट फिरवीत. त्या बहुधा बावरी आदि जातींतील असत. घाण्याला बैल जुंपावेत तसें हें काम. परंतु याच बळावर खाणींचा पहिला कोळसा वर आला. पुढें वाफेचें इंजिन आलें आणि रहाट मोडीत निघाला. यंत्र आलें कीं प्रथम स्त्रीचें काम जातें, याचा या इतिहासांतील तो पहिला प्रसंग होय, शेवटचा नव्हे.

रहाट गेला तरी स्त्री गेली नाहीं. ती खाणीच्या आंत उतरली. कोळशाचे थर येथें पृष्ठभागापासून फार खोल नव्हते. पुष्कळ खाणींत उतरत्या भुयारानें पायीं आंत जातां येई. संथाळ, बावरी, भुइयां अशा जमातींतील कुटुंबेंच्या कुटुंबें आंत शिरत. मध्यप्रांतांतील बिलासपूरकडील मजूरहि सहकुटुंब येत. छताला आधार म्हणून कोळशाचेच जाड खांब उभे ठेवून त्यांच्या मधल्या वाटांतून कोळसा काढीत. मलकट्टा भिंतीवर कुदळ चालवी. खालीं पडलेला कोळसा कामिन टोपलींत भरी, डोक्यावर घेई आणि मिणमिणत्या दिव्याच्या उजेडांत, ओल्या, निसरड्या वाटेनें रुळांवर उभ्या असलेल्या टबापर्यंत नेई. एक टब भरावयास कितीतरी खेपा लागत. टब दूर असला किंवा वाट चढाची असली तर कष्ट दुप्पट; मजुरी मात्र टबामागें तीच.

मजुरी टबावर असल्यामुळें जोडप्याची मिळकत एकाच हिशेबांत येई. तिच्यांतील किती कुदळीची आणि किती टोपलीची, ही विभागणी कोणी केली नाहीं. कामिनच्या श्रमांचें मोल नव्हतें असें नाहीं. तें नवऱ्याच्या मजुरींत मिसळून गेलें होतें. ज्याचा स्वतंत्र आंकडा लिहिला जात नाहीं, तें काम लोकांच्या दृष्टीला पडेनासें होतें. पुढें कायदे करतांना याचा परिणाम दिसावयाचा होता.

खाणमालकांना स्त्री हवी होती, याचें कारण दया नव्हे. मजूर मिळविणें आणि टिकविणें ही त्या धंद्याची मोठी अडचण होती. या खोऱ्यांतील मजूर मुळांत शेतकरी. भाताच्या लावणीला आणि कापणीला तो कुटुंबासह गांवीं जाई, आणि त्या महिन्यांत कोळशाचें उत्पादन घटे. म्हणून कांहीं कंपन्यांनीं जमीनदाऱ्या खरेदी केल्या. कुळाला जमीन द्यावयाची आणि तिच्या बदल्यांत खाणींत राबण्याची अट घालावयाची, अशी ती पद्धति. पण जमिनीपेक्षांहि मजबूत बंधन कुटुंबाचें होतें. बायको बरोबर असली तर पुरुष खाणीजवळच्या धौड्यांत, म्हणजे मजुरांच्या चाळींत, राही. ती गांवीं गेली कीं तोहि जाई.

येथें कामिनचा प्रभाव दिसतो. तिच्या हातीं अधिकार नव्हता, संघटना नव्हती, अक्षर नव्हतें; तरीहि कुटुंबानें केव्हां यावें, केव्हां जावें, कोणत्या खाणींत टिकावें, याचा निर्णय पुष्कळ अंशीं तिच्यावर अवलंबून असे. पाणी कोठें मिळतें, सरदार कसा वागतो, मूल ठेवावयास जागा आहे कीं नाहीं, या गोष्टी ती पाही. १९२०च्या सुमारास स्त्रियांना भुयारांत जाण्याची बंदी करण्याचा विचार निघाला, तेव्हां खाणमालकांच्या संघटनांनीं हाच मुद्दा पुढें केला कीं, बायका आल्या नाहींत तर त्यांचे नवरेहि येणार नाहींत. मालकांच्या तोंडून निघालेली ती कामिनच्या सामर्थ्याची कबुलीच होती.

परंतु या जीवनाची दुसरी बाजू झांकून ठेवतां येत नाहीं. भुयारांत उष्णता, धूळ आणि दमटपणा असे. छत कोसळणें, वायूचा स्फोट होणें, पाणी शिरणें हीं संकटें पुरुषाइतकींच स्त्रीलाहि होतीं. गरोदर स्त्रिया शेवटच्या दिवसांपर्यंत टोपली वाहत. तान्ह्या मुलांना ठेवावयाला जागा नसल्यामुळें त्यांना टोपलींत घालून आंत नेत, किंवा धौड्यांत एखाद्या म्हातारीच्या किंवा थोरल्या मुलीच्या हवालीं करीत. मूल रडूं नये, निजून रहावें म्हणून त्याला अफूची मात्रा देण्याची चाल सर्रास होती. आईच्या निष्ठुरपणाचें तें लक्षण नव्हे. ज्या धंद्यानें आईला बोलाविलें आणि मुलाची सोय केली नाहीं, त्या धंद्याचें तें लक्षण होय.

इंग्लंडमध्यें हा प्रश्न आधींच उभा राहिला होता. तेथें १८४२ सालच्या कायद्यानें स्त्रियांना आणि दहा वर्षांखालील मुलग्यांना भुयारांत काम करण्यास बंदी झाली. तरीहि लँकशायरमधील विगनसारख्या भागांत खाणीच्या तोंडाशीं कोळसा निवडणाऱ्या स्त्रिया पुढें शंभर वर्षांहून अधिक काळ काम करीत राहिल्या. १८८० नंतर त्यांनाहि काढून टाकण्याची टूम निघाली, तेव्हां १८८७ सालीं त्यांचें शिष्टमंडळ लंडनला जाऊन मंत्र्यांना भेटलें आणि आपलें काम राखून आलें. दामोदरच्या खोऱ्यांतील कामिनला असें शिष्टमंडळ नेण्याची संधि कधींच मिळाली नाहीं.

हिंदुस्थानांत खाणींचा पहिला कायदा १९०१ सालीं झाला. त्यानंतर १९२३ चा कायदा आला. त्यानें तेरा वर्षांखालील मुलांना खाणकामाची बंदी केली आणि कामाच्या तासांना आठवड्याची मर्यादा घातली. तान्हीं मुलें भुयारांत नेणें यामुळें बंद झालें. स्त्रियांना प्रतिबंध करण्याचा अधिकारहि या कायद्यानें सरकारकडे आला.

याच काळांत कामगारांची बाजू उघडपणें मांडली जाऊं लागली. अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचें दुसरें अधिवेशन १९२१ सालीं खुद्द झरियालाच भरलें. अध्यक्ष होते मुंबईचे जोसेफ बॅप्टिस्टा, ज्यांना लोक प्रेमानें काका म्हणत. मध्यवर्ती असेंब्लींत नारायण मल्हार जोशी यांनीं १९२४ सालीं प्रसूतिसाहाय्याचें बिल आणलें. गिरण्यांतील स्त्रियांप्रमाणेंच खाणींतील स्त्रियांनाहि प्रसूतीच्या आधीं व नंतर रजा आणि साहाय्य मिळावें, अशी त्यांत तरतूद होती. सरकारनें विरोध केला आणि बिल नामंजूर झालें. हा क्रम लक्षांत ठेवण्याजोगा आहे. कामिनला काम करतां करतां संरक्षण देण्याची योजना प्रथम पुढें आली आणि ती फेटाळली गेली. तिला कामावरूनच दूर करण्याची योजना मागाहून आली आणि ती मान्य झाली.

मार्च १९२९ मध्यें नवे नियम प्रसिद्ध झाले. बहुतेक खाणींत त्याच वर्षीं १ जुलैपासून स्त्रियांना भुयारांत बंदी झाली. बंगाल, बिहार-ओरिसा व मध्यप्रांत येथील कोळशाच्या खाणींना आणि पंजाबांतील मिठाच्या खाणींना मात्र दहा वर्षांची सवलत मिळाली. कोळशाच्या खाणींत भुयारांतील मजुरांपैकीं स्त्रियांचें प्रमाण प्रथम शेंकडा २९ पर्यंत आणावयाचें, आणि दर वर्षीं शेंकडा तीननें उतरवीत १९३९ पर्यंत शून्यावर न्यावयाचें, असें ठरलें. मध्यंतरीं १९३५ सालीं आंतरराष्ट्रीय श्रमपरिषदेनें स्त्रियांच्या भूमिगत कामाच्या बंदीचा करार संमत केला. त्यामुळें घाई झाली, आणि १९३७ च्या ऑक्टोबरपासूनच बंदी पूर्ण झाली. दार प्रथमच मिटलें.

या बंदीला सुशिक्षित समाजांत सर्वत्र मान्यता होती. अखिल भारतीय महिला परिषदेची तीच मागणी होती. कामगार पुढाऱ्यांचेंहि तेंच मत होतें. आणि भुयारांतील स्थिति पाहतां या मताला चूक म्हणणें कठीण आहे. प्रश्न निराळाच होता. भुयारांतून बाहेर आलेल्या स्त्रीनें करावयाचें काय? खाणीच्या तोंडाशीं कोळशांतून दगड वेंचणें, वॅगनी भरणें, मातीची वाहतूक करणें एवढींच कामें उरलीं. तीं थोडीं, आणि त्यांची मजुरीहि कमी. पुरुषाची मजुरी टबावरच राहिली. आतां टब भरण्यासाठीं त्याला दुसरा गडी शोधणें किंवा स्वतःच दोन्ही कामें करणें प्राप्त झालें. दोघांच्या हातांनीं चालणारें घर एकाच्या हातांवर आलें, आणि त्या एकाच्या मजुरींत तितकी वाढ मात्र झाली नाहीं. बायका-मुलें गांवीं आणि पुरुष एकटा धौड्यांत, असा प्रकार वाढला. संसार दोन ठिकाणीं झाला कीं खर्चहि दोन ठिकाणीं होतो, हें कोणत्याहि गृहिणीला सांगावयास नको. बंदीच्या जोडीला पाळणाघर, शाळा, दुसरा धंदा, वाढीव मजुरी यांपैकीं कांहींच आलें नाहीं. खाणींतील स्त्रियांसाठीं प्रसूतिसाहाय्याचा कायदा झाला तो १९४१ सालीं, म्हणजे त्यांना भुयारांतून काढल्यानंतर चार वर्षांनीं.

एवढ्यांत दुसरें महायुद्ध आलें. लष्करी रस्ते आणि विमानतळ यांच्या बांधकामावर अधिक मजुरी मिळूं लागली, आणि खाणींतील मजूर तिकडे वळला. कोळशाचें उत्पादन घसरलें. आगगाड्या आणि कारखाने अडूं लागले. १९४३ च्या ऑगस्टमध्यें सरकारनें प्रथम मध्यप्रांतांत आणि वर्षअखेरपर्यंत बंगाल, बिहार व ओरिसांत स्त्रियांवरील बंदी उठविली. सहा वर्षांपूर्वीं जें काम स्त्रीजातीला अयोग्य ठरलें होतें, तेंच आतां देशाच्या निकडीचें ठरलें. तें वर्ष बंगालच्या भीषण दुष्काळाचें होतें. भुकेल्या घरांतील स्त्रीनें भुयाराची वाट धरली, तर ती स्वेच्छेनें गेली असें म्हणणें धार्ष्ट्याचें होईल.

महिला परिषदेनें या निर्णयाचा कडक निषेध केला. ब्रिटिश पार्लमेंटांतहि प्रश्न विचारले गेले. त्या वेळीं व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत मजूरखातें डॉ. भीमराव आंबेडकर यांच्याकडे होतें. १९४३ च्या डिसेंबरांत ते स्वतः झरियाच्या कोळसाक्षेत्रांत गेले, भुयारांत उतरले आणि मजुरांचें काम व राहण्याच्या जागा त्यांनीं पाहिल्या. फेब्रुवारी १९४४ मध्यें मध्यवर्ती असेंब्लींत या विषयावर वाद झाला. बंदी उठविणें ही युद्धकालीन निकड आहे, कायमचें धोरण नव्हे, अशी सरकारची बाजू त्यांनीं मांडली. स्त्रीला पुरुषाइतक्याच कामाला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, आणि हें तत्त्व कोणत्याहि धंद्यांत येथें प्रथमच प्रस्थापित होत आहे, असेंहि त्यांनीं सभागृहाला सांगितलें. १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत प्रसूतिसाहाय्याच्या बिलाचा कैवार घेणारे ते हेच आंबेडकर. त्यांच्याच कारकीर्दींत खाणमजुरांच्या कल्याणासाठीं १९४४ सालीं निधि उभारण्यांत आला, आणि १९४५ च्या दुरुस्तीनें भुयारांत काम करणाऱ्या स्त्रीला प्रसूतीच्या आधीं व नंतर अधिक दीर्घ विश्रांति मिळण्याची तरतूद झाली. बंदी उठविणें योग्य कीं अयोग्य याबद्दल मतभेद राहील. परंतु कामिनचें काम हें स्वतंत्र मोलाचें काम आहे, नवऱ्याच्या मजुरीची ती पुरवणी नव्हे, हें सरकारी बाकावरून या वादांत स्पष्टपणें सांगितलें गेलें, हा लाभ लहान नव्हे.

युद्ध संपलें आणि निकडहि संपली. १ फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हां लागू झाली. हजारों स्त्रिया पुन्हां वर आल्या. त्याच वर्षीं शि. रा. देशपांडे यांनीं कोळशाच्या धंद्यांतील मजुरांच्या स्थितीवर केलेल्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध झाला. द. वि. रेगे यांच्या अध्यक्षतेखालील मजूर चौकशी समितीच्या कार्याचा तो एक भाग होता.

स्वातंत्र्यानंतर १९५२ च्या खाण कायद्यानें भुयारांतील बंदी कायम केली, आणि खाणीच्या वरच्या भागांतहि स्त्रियांना सकाळीं सहा ते सायंकाळीं सात या वेळेंतच काम देतां येईल असें ठरविलें. १९७१ ते १९७३ या काळांत कोळशाच्या खाणींचें राष्ट्रीयीकरण झालें. मजुरी वाढली, नोकरी पक्की झाली, निवृत्तिवेतन व औषधपाणी यांची सोय झाली. परंतु नोकरी मोलाची झाली कीं ती स्त्रीच्या हातीं राहणें कठीण होतें. वॅगनी भरणारीं व माती उपसणारीं यंत्रें आलीं, आणि टोपलीचें काम संपत गेलें. कामिननें स्वखुषीनें निवृत्त व्हावें आणि तिच्या जागीं मुलाला किंवा दुसऱ्या पुरुष आप्ताला घ्यावें, अशीहि योजना खाणकंपन्यांनीं काढली. आईनें मुलासाठीं जागा सोडली, यांत तिची माया दिसते; पण त्याबरोबर त्या घरांतील स्त्रीची पक्की नोकरी कायमची गेली. लेकीच्या वांट्याला ती आली नाहीं. ज्या धंद्यांत एके काळीं तिसरा हिस्सा स्त्रिया होत्या, त्यांत त्या शेंकडा दहाहूनहि खालीं उतरल्या.

चौथ्या वेळीं दार हललें तें २०१९ सालीं. केंद्र सरकारच्या अधिसूचनेनें तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांसाठीं स्त्रियांना दिवसा भुयारांत जाण्याची मोकळीक मिळाली; वरच्या कामांसाठीं रात्रपाळीहि खुली झाली. स्त्रीची लेखी संमति असावी आणि एका पाळींत निदान तिघी असाव्यात, अशा अटी त्यांत होत्या. तिची संमति विचारणारा या विषयांतील हा पहिलाच नियम म्हणावयास हरकत नाहीं. २०२१ सालीं झारखंडांतील उत्तर करणपुरा कोळसाक्षेत्रांतल्या चुरी येथील भूमिगत खाणींत आकांक्षा कुमारी या खाण-अभियंता म्हणून रुजू झाल्या. कोल इंडियाच्या भूमिगत खाणींत अभियंता म्हणून काम करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. ज्या पाताळांत स्त्री टोपली घेऊन उतरत असे, तेथें ती नकाशा आणि मोजमापाचीं उपकरणें घेऊन उतरली.

ही घटना आनंदाची आहे. परंतु ज्या दारानें अभियंता आंत गेली, त्या दारानें संथाळ किंवा बावरी कामिनची नात जाऊं शकत नाहीं. तिच्याजवळ पदवी नाहीं. झरियाच्या परिसरांत जमिनीखालीं शंभर वर्षांहून अधिक काळ आग धुमसत आहे. तेथें सोडून दिलेल्या खाणींच्या कडेला पहांटे टोपल्या घेऊन कोळसा वेंचणाऱ्या आणि तो बाजारांत विकून चूल पेटविणाऱ्या स्त्रिया आजहि दिसतात. त्यांचें नांव कोणत्याहि हजेरीपटावर नाहीं. आजीला निदान टबाची मजुरी होती. नातीला तीहि नाहीं.

भुयाराच्या धोक्यांपासून स्त्रीला वांचविणें हें योग्यच होतें. चूक झाली ती संरक्षणाचा अर्थ नुसती मनाई असा घेण्यांत. भुयाराचें छत भक्कम करणें, हवा खेळती ठेवणें, मुलासाठीं पाळणाघर आणि आईसाठीं भरपगारी रजा देणें, कामाचे तास बेताचे ठेवणें, हींहि संरक्षणेंच होत. आणि त्यांचा लाभ पुरुषालाहि झाला असता. तीं खर्चाचीं होतीं, मनाईला कांहीं खर्च नव्हता. स्त्रीच्या हिताचा कोणताहि नियम पुढें आला कीं तीन प्रश्न विचारावेत, हेंच कामिनच्या इतिहासाचें शिकवणें आहे. या नियमानें तिच्या हातचें काय जातें? त्याच्या बदल्यांत तिला काय मिळतें? आणि तिला कोणी विचारलें आहे काय?